ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय? धाराशिवच्या शाळेपासून सरकारी कचेरीपर्यंत, सोप्या भाषेत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तुमच्या मोबाईलवर त्याचा काही परिणाम झाला नाही. पण आपल्या भागातल्या कितीतरी शाळांच्या कॉम्प्युटर रूममध्ये अजूनही विंडोज १० किंवा त्याहून जुनी विंडोज ७ चालते, आणि विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच थांबला होता. यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. मग हे कॉम्प्युटर भंगारात द्यायचे का?

मी धाराशिवचा. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करून द्यायला अधूनमधून जातो. प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर देताना "ओपन सोर्स" हा शब्द निघतोच. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "म्हणजे फुकटचं ना?" तर नाही, फक्त तेवढंच नाही. या लेखात आपण बघू की ओपन सोर्स म्हणजे काय, ते आपल्या शाळेत आणि सरकारी कामात आधीच कुठे कुठे आहे, केरळने ते मनावर घेतल्यावर काय झालं, आणि आपल्याकडे घोडं कुठे अडतं.

पेढा आणि पेढ्याची कृती

आपल्या भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या सगळ्यांना माहीत आहेत. समजा, तुम्ही दुकानातून पेढ्याचा बॉक्स आणला. पेढा खाता येतो, पण त्यात साखर किती, खवा कधीचा, हे कळत नाही. गोड जास्त झाला तरी तुम्ही काही करू शकत नाही. उद्या दुकान बंद झालं तर तो पेढा संपला.

आता समजा, दुकानदाराने बॉक्ससोबत पूर्ण कृतीही दिली आणि वर सांगितलं, "करून बघ, बदलून बघ, शेजाऱ्याला दे, हवं तर विक." सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही कृती म्हणजे सोर्स कोड. जे सॉफ्टवेअर कृतीसकट आणि या परवानगीसकट मिळतं, ते ओपन सोर्स. मराठीत आपण त्याला मुक्तस्रोत म्हणतो.

ही परवानगी तोंडी नसते. ती लायसन्समध्ये लिहिलेली असते आणि तिचे मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवा:

• जीपीएल: कोड घ्या, बदला, वाटा. पण बदललेलं सॉफ्टवेअर वाटलंत तर तुमचा बदललेला कोडही त्याच अटीवर द्यावा लागेल. लिनक्स आणि वर्डप्रेस या गटातले.
• एमआयटी किंवा अपाची: कोड घ्या, बदला आणि हवं तर तुमचे बदल स्वतःकडे ठेवा. मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्स मात्र काढायचं नाही.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन या दोन्हींचं मिश्रण आहे. तळाशी लिनक्सचा गाभा आहे तो जीपीएलवर, आणि त्यावरचा अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाचीवर. सेटिंगमध्ये "अबाउट फोन" उघडा आणि तिथे "लीगल" किंवा "ओपन सोर्स लायसन्स" शोधा. लांबलचक यादी दिसेल. ती सगळी जगभरातल्या लोकांनी दिलेली कृतींची वही आहे.

फुकट, स्वदेशी आणि ओपन सोर्स: तीन वेगळ्या गोष्टी

हा गोंधळ फार होतो, म्हणून आधीच सोडवून टाकू.

फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, पण त्याचा कोड आपल्याला बघता येत नाही. ते ओपन सोर्स नाही.

स्वदेशी म्हणजे भारतीय कंपनीने केलेलं. झोहोचं ऑफिस सॉफ्टवेअर स्वदेशी आहे आणि केंद्र सरकारच्या ईमेलचं कामही झोहोकडे आहे. पण ते ओपन सोर्स नाही, कारण कोड कंपनीकडेच राहतो.

ओपन सोर्स म्हणजे कोड आणि परवानगी दोन्ही मिळतात. लिब्रेऑफिस परदेशात वाढलं, पण त्याचा कोड कुणीही घेऊ शकतो. बॉस लिनक्स ही सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली, डेबियनवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम स्वदेशीही आहे आणि ओपन सोर्सही. त्यात मराठीसकट अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

म्हणजे "फुकट ते पौष्टिक" ही म्हण इथे चालत नाही. विचारायचा प्रश्न एकच: उद्या हे बनवणारा निघून गेला, तर आपल्या हातात काय उरतं?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. त्यानंतर मी एका वाचनालयात गेलो होतो, नाव सांगत नाही. तिथे सभासदांच्या ओळखपत्रावर जुनंच नाव छापून येत होतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता आणि ते नाव कोडमध्ये पक्कं बसवलेलं होतं. एक शब्द बदलायचा होता, पण चावी दुसऱ्याकडे होती. शेवटी ग्रंथपाल बाई प्रत्येक कार्डावर कागदी पट्टी चिकटवत बसल्या. हेच काम कोहा या ओपन सोर्स ग्रंथालय सॉफ्टवेअरवर असतं, तर कोड वाचता येणारा कुठलाही पोरगा तो शब्द बदलून देऊ शकला असता.

तुमच्या पुस्तकातला क्यूआर कोड

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असतो आणि त्याच्याखाली सहा अक्षर-अंकांचा एक छोटा कोड. मोबाईलमध्ये दीक्षा अ‍ॅप उघडून तो स्कॅन केला, की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव दिसतात. कॅमेरा खराब असेल तर ती सहा अक्षरं टाइप केली तरी चालतं.

क्यूआर कोडवाल्या पुस्तकांचं नाव निघालं की आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी हा प्रयोग केला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

दीक्षा मात्र वेगळ्या वाटेने आली. ५ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे शिक्षक दिनी, तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. दीक्षाच्या पोटात जे इंजिन चालतं त्याचं नाव सनबर्ड. ते एकस्टेप फाउंडेशनने तयार केलं आणि एमआयटी लायसन्सवर खुलं केलं.

याचा फायदा काय? प्रत्येक राज्याला पहिल्यापासून अ‍ॅप बांधायची गरज पडली नाही. इंजिन एकच, पण महाराष्ट्राची पुस्तकं, महाराष्ट्राचे व्हिडिओ आणि मराठी पडदा वेगळा. उद्या एखाद्या संस्थेला असंच व्यासपीठ आयटीआयच्या मुलांसाठी हवं असेल, तर तीही हाच कोड उचलू शकते.

सनबर्डच्याच कुटुंबातलं आणखी एक सॉफ्टवेअर तुम्ही वापरलंय. कोविड लसीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड आठवतो? ते प्रमाणपत्र डायव्होक नावाच्या ओपन सोर्स प्रणालीवर तयार होत होतं. श्रीलंका आणि फिलिपाइन्सनेही तीच प्रणाली घेतली.

सरकारी कचेरीत कुठे दिसतं?

जिल्ह्याची वेबसाईट. देशातल्या बहुतेक जिल्हा प्रशासनांच्या वेबसाईट एकाच साच्यातल्या दिसतात. त्यामागे एनआयसीची एस-थ्री-वास ही सेवा आहे आणि ती वर्डप्रेसवर उभी आहे. गल्लीतला ब्लॉगवाला जे वापरतो, तेच इथेही. फरक सुरक्षेचा आणि देखभालीचा.

शेतातल्या पाण्याचा हिशोब. आपल्याकडे "पोकरा" हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या मदतीने, २०१८ पासून. १५ जिल्ह्यांतली ५ हजारांहून जास्त गावं त्यात होती आणि धाराशिव त्यातला एक जिल्हा. गावात पाऊस किती पडला, किती वाहून गेला, पिकाला किती लागलं आणि जमिनीत किती मुरलं, हा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईच्या गटाने बसवली. त्यासाठी त्यांनी क्यूजीआयएस या ओपन सोर्स नकाशा-सॉफ्टवेअरला जोडायचं प्लगइन तयार केलं. क्यूजीआयएस कुणीही उतरवून घेऊ शकतो. म्हणजे कॉलेजात भूगोल शिकणारी एखादी मुलगी लायसन्सचे पैसे न भरता त्याच हत्याराने आपल्या गावाचा नकाशा करू शकते. दुष्काळी जिल्ह्यात ही छोटी गोष्ट नाही.

धोरण काय सांगतं?

केंद्र सरकारने हे कागदावर बरंच आधी आणलंय.

• २००९: सरकारी कामात भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक ठरलं.
• २०१०: ई-गव्हर्नन्समध्ये खुली मानकं वापरायचं धोरण आलं. फाइल अशा स्वरूपात ठेवायची की ती उघडायला एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर लागू नये.
• २०१५: ओपन सोर्स स्वीकारायचं धोरण आलं. यात म्हटलंय की नवीन प्रणाली घेताना ओपन सोर्सचा विचार करणं बंधनकारक आहे, टेंडरमध्ये तशी अट टाकायची, आणि पुरवठादाराने ओपन सोर्स वगळलं तर त्याचं कारण द्यायचं.

हे धोरण केंद्रीय कार्यालयांना लागू आहे. राज्यांना मात्र ते स्वीकारायचं की नाही याची मोकळीक आहे. आणि तातडीच्या किंवा खास गरजेच्या वेळी अपवादही करता येतो. त्यामुळे गाडी किती पळणार हे राज्याच्या इच्छेवर अवलंबून राहतं.

केरळने काय केलं?

केरळने २००१ मध्ये "आयटी अ‍ॅट स्कूल" प्रकल्प सुरू केला. पुढच्या काही वर्षांत शाळांमधलं आयटीचं शिक्षण आणि दहावीची आयटी परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. २०१७ मध्ये या प्रकल्पाची "काइट" ही सरकारी कंपनी झाली. आज केरळच्या शाळांत काइटने स्वतः जुळवलेली लिनक्स चालते. त्यात ऑफिसची, चित्रांची, गणिताची, प्रोग्रामिंगची सगळी साधनं आधीच भरलेली असतात.

२०१९ मध्ये काइटने सांगितलं की २ लाख कॉम्प्युटरवर नवी लिनक्स टाकल्याने ३ हजार कोटी रुपये वाचतील. हा आकडा आला कुठून? प्रत्येक कॉम्प्युटरला लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा खर्च सुमारे दीड लाख धरला, गुणिले २ लाख. गणित बरोबर आहे, पण मी हा आकडा थोडा मिठासोबतच घेतो. सरकारने सगळी लायसन्स खरंच बाजारभावाने घेतली असती का? मोठ्या ग्राहकाला सूट मिळते, आणि काही सॉफ्टवेअर घेतलंच नसतं. तरी आकडा निम्मा करा, पावपट करा, उरतं ते थोडं नाही.

माझ्या मते केरळची खरी कमाई पैशात नाहीच. त्यांनी शाळेतल्या शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार केले. सिस्टिम बिघडली तर कंपनीच्या माणसाची वाट बघायची नाही, कारण शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना ती येते.

आपल्या जवळच्या गोव्यातही असा प्रयत्न झाला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, परदेशातल्या गोवेकरांच्या पुढाकाराने वापरलेले कॉम्प्युटर शाळांना मिळाले आणि त्यावर लिनक्स घातली गेली. कल्पना तीच: मशीन जुनं चालेल, सॉफ्टवेअरचा खर्च नको.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

१. सवय. नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागतं. (त्यातलं "एमएस" म्हणजे मायक्रोसॉफ्ट नाही, महाराष्ट्र स्टेट!) पण क्लासमध्ये शिकतो आपण विंडोज आणि एमएस ऑफिस. त्यामुळे पोरांच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हेच बसतं. क्लार्कची नोकरी लागली की तो तेच मागतो, साहेब तेच मंजूर करतात.

२. जुने फॉन्ट. हा खास मराठी आजार आहे. युनिकोडच्या आधी मराठी टायपिंगसाठी जे फॉन्ट आले, त्यांत प्रत्येकाची आतली रचना वेगळी. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की "ग्रामसभा" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कचेरीत वीस वर्षांचे ठराव अशा फाइलींमध्ये असतील, तर नवीन सिस्टिमवर जायला कुणीही घाबरणारच. मार्ग आहे: फॉन्ट कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणणं. पण ते बसून करावं लागतं आणि प्रत्येक फाइल वाचून तपासावी लागते.

३. देखभाल. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम २०१५ ला आला. त्या काळात लोकवर्गणीतून कितीतरी जिल्हा परिषद शाळांत टीव्ही, टॅबलेट, कॉम्प्युटर आले. वस्तू घ्यायला गाव पैसे देतं. तीन वर्षांनी ती दुरुस्त करायला मात्र कुठलंच खातं नसतं. ओपन सोर्समध्ये लायसन्सचे पैसे वाचतात, पण माणसाचे पैसे वाचत नाहीत. शिकवणारा, दुरुस्त करणारा माणूस लागतोच.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये नव्या आघाडीने पुन्हा ओपन सोर्सला पसंती दिली. त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य २०२४ पासून सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर नेतंय. राजकारण बदललं की सॉफ्टवेअर बदलतं. टिकतं ते जिथे कर्मचाऱ्यांना ते खरंच शिकवलं गेलं तिथे.

ओपन सोर्स म्हणजे सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. याचं उदाहरण दीक्षाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की दीक्षाचा डेटा ठेवलेली क्लाउडवरची एक जागा कुलूप न लावता उघडी राहिली होती. १० लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल आणि जवळपास ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती.

इथे चूक सनबर्डच्या कोडची नव्हती. घराचा नकाशा उत्तम होता, पण दाराची कडी लावायची राहिली. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखा: कोड खुला आहे का, सर्व्हर कोण सांभाळतं, आणि माझी माहिती कुणाकडे जाते. पहिल्याचं उत्तर "हो" असलं तरी बाकीचे दोन प्रश्न विचारायचेच.

शिवाय, सरकारने ओपन सोर्स वापरलं म्हणजे सरकारचे स्वतःचे बदल आपल्याला दिसतातच असं नाही. जीपीएलची अट सॉफ्टवेअर वाटल्यावर लागू होते. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर नाही.

जुना कॉम्प्युटर वाचवायचा असेल तर

शाळेत, घरी किंवा मंडळाच्या खोलीत विंडोज १० चा कॉम्प्युटर पडून असेल, तर हे करून बघा:

१. आधी सगळा डेटा हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय हात लावू नका.
२. रॅम बघा. २ जीबी असेल तर हलकी लिनक्स कशीबशी चालेल, ४ जीबी असेल तर बरी चालेल. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा बॉस लिनक्स निवडा.
३. अधिकृत वेबसाईटवरूनच फाइल उतरवा आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा एचर या मोफत साधनाने टाका. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.
४. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि "लाइव्ह" पर्याय घ्या. हार्ड डिस्कला धक्का न लावता सगळं वापरून बघता येतं.
५. प्रिंटर, वाय-फाय, आवाज आणि मराठी टायपिंग हे चार तपासा. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडा.
६. चारही चालले, तरच इन्स्टॉल करा.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन असे विषय छोट्या व्हिडिओंतून आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात आहेत. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट टाका, पोरं उठत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते का?
हो. साध्या पत्रांना अडचण येत नाही. गुंतागुंतीच्या एक्सेल शीटमध्ये, खासकरून मॅक्रो असतील तर, बिघडू शकतं. ते आधी तपासा.

सरकारी पोर्टलचं काम लिनक्सवर होतं का?
जे ब्राउझरमध्ये चालतं ते बहुतेक होतं. डिजिटल सहीची टोकन किंवा अंगठ्याची मशीन असेल, तर तिचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. याच एका कारणाने कितीतरी सेवा केंद्रं विंडोज सोडू शकत नाहीत.

मला कोडिंग येत नाही, मग माझा काय उपयोग?
भाषांतर करा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांची मराठी आवृत्ती तुमच्या-आमच्यासारख्यांनीच केली आहे आणि त्यात अजून भरपूर काम बाकी आहे. "सेव्ह" ला "जतन करा" म्हणायचं की "साठवा", हे ठरवायला कोडिंग लागत नाही, मराठी लागतं.

थोडक्यात

ओपन सोर्सने शाळा आपोआप सुधारत नाही आणि कचेरी आपोआप प्रामाणिक होत नाही. पण गावाचे ठराव, शाळेचे गुण, पाण्याचा हिशोब हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले आहेत, त्याची चावी आपल्याकडे राहते. पुढच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीत नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला, तर एवढंच विचारा: "पाच वर्षांनी कंपनी गेली, तर आपली माहिती आपल्याला उघडता येईल का?" उत्तर लेखी मागा.